आवळा, कोहळा

रात्री पावणेबाराला प्रस्ताव येऊन पडला.
ती देतेय डेमेट्रिअस ओकॉय: शॉर्टस्टॉप, वय बावीस,
झेल, फेक, पाय, सगळे रकाने हिरवेगार,
अजून चार हंगाम स्वस्त करारात बांधलेला.
ती मागतेय वेंडेल क्राउस:
माझा डावखुरा पिचर, वय छत्तीस,
कोपरावर दोन शस्त्रक्रिया,
फास्टबॉल आता नावापुरता फास्ट.

बाहेर डुलूथ उणे एकोणीस.
सरोवराच्या कडेला बर्फ बर्फावर चढून करकरतोय.
मी चहा टाकला
आणि हिशेबाला बसलो.

माझा संघ डुलूथ, तिचा टूसॉन,
जिथे ती आईबरोबर राहते
आणि जानेवारीत लोक परसातली संत्री तोडतात म्हणे.
फोनवर आमचं बोलणं दीड मिनिटाचं.
जेवलीस का. हो. शाळा. ठीक.
पण ट्रेडवर आठवडा आठवडा घासाघीस.
एका राखीव कॅचरसाठी तिने एकदा
नऊ निरोप पाठवले होते,
शेवटच्यात नुसतं: बाबा, लाज वाटू दे.
तो छापून फ्रीजवर लावलाय.

मीच शिकवलं तिला.
सरासरीवर जाऊ नकोस,
सरासरी स्थळं सुचवणाऱ्या मावशीसारखी असते,
खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही.
वय बघ. करार बघ.
तो खेळला ते मैदान केवढं होतं ते बघ,
लहान मैदानात कुणीही होम रन मारतो.
आणि समोरचा हसत हसत देत असेल
तर वैद्यकीय अहवाल दोनदा उघड.

म्हणही शिकवली होती, आवळा देऊन कोहळा काढायची.
कोहळा कसा असतो विचारलं तिने.
इथल्या सुपरमार्केटात नेऊन
झुकिनीवर भागवलं.

अहवाल उघडला. दोनदा.
ओकॉयचा गुडघा धड, खांदा धड,
स्वभावाच्या रकान्यात 'कष्टाळू'.
मोलाची पट्टी तिच्या बाजूला लालभडक.
संगणकसुद्धा म्हणतो,
हा सौदा समोरच्याला परवडणारा नाही.

मग खोट कुठे आहे?

वेंडेल या हंगामानंतर निवृत्त होणार,
हे तिलाही दिसतंय.
वेंडेलला मी आठव्या फेरीत उचलला
तेव्हा ती इथे होती, याच टेबलाशी,
नऊ वर्षांची, खुर्चीवर उकिडवी,
यादीत बोट ठेवून: हा घे.
का? नाव मजेदार आहे.
मग त्याने सोळा हंगाम टाकले,
एकशे एक्केचाळीस सामने जिंकले,
म्हणजे कुणीच काही जिंकलं नाही,
आकडे आकड्यांना भिडत राहिले
आणि मी पहाटेपर्यंत बघत राहिलो.
खेळाडू ज्या संघातून निवृत्त होतो
त्या संघाची टोपी त्याच्या चित्रावर कायम राहते.
याला किती गुण द्यायचे?
पट्टीत असा रकाना नाही.

किंवा ती खेळच सोडतेय.
घर मोकळं करणारं माणूस
चांगली भांडी मागे ठेवतं, तसं.
हे मी एकदा पाहिलंय.
तिच्या आईने जाताना
नवा कुकर मला ठेवला होता,
शिटीसकट, पुसून.

स्वीकारा. नाकारा. फेरप्रस्ताव.
बोट तिन्हींवरून फिरवलं.

मग टाइप केलं:
ओकॉय तुझ्याकडेच राहू दे.
वेंडेल घेऊन जा,
बदल्यात तो राखीव कॅचर हवा, तोच,
आणि वर रोख थोडी.
हा भाव ऐकून कुणीही चिडेल.
चिडावंच.

टूसॉनला आता बारा वाजून दहा.
उद्या शाळा आहे तिला, झोपायला हवं होतं.
चहावर साय धरलीय.
पडद्यावर एक ओळ मिणमिणतेय:
समोरचा संघ विचार करत आहे.